व्हर्नाने वाचवलेली अक्षरं

व्हर्ना लुंडग्रेन आमच्याकडे आली ती गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला. साल १९७९. अमेरिकेतल्या सांताक्रूझला समुद्राजवळच्या एका जुन्या घरात आम्ही सहा जण घरगुती संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राला कामाला लावणारा मूळ प्रोग्राम, बनवून फ्लॉपीवर विकत होतो. मी लेबलं चिकटवायचे. व्हर्ना अठ्ठावन्न वर्षांची, सालिनासच्या तारऑफिसात तीस वर्षं काढलेली. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

तिसऱ्याच दिवशी नेब्रास्काहून गुरांच्या एका डॉक्टरचा फोन आला.

"बाई, पडद्यावर 'प्राणघातक चूक' आलंय! यंत्र अंगणात नेऊन ठेवलंय मी. फुटेल का हो?"

व्हर्नाने फोनवर हात ठेवला. "फुटतं का गं?"

मी हसू दाबत नकारार्थी मान हलवली. त्याने फ्लॉपी उलटी घातली होती, एवढंच.

फोन ठेवून ती तडक रॉस टिल्टनसमोर उभी राहिली. अख्खी सिस्टिम त्यानेच लिहिलेली. वय सत्तावीस, पायात कधी बूट नाहीत.

"अरे, माणसं घाबरतात! काय करायचं ते सांग ना त्यांना."

"जागा कुठंय, व्हर्ना? चिमूटभर मेमरीत सगळं कोंबायचं असतं. तुमचे निबंध नाही मावायचे त्यात."

"मला शिकवतोस? लोकांची लग्नं नि मयतं दहा-दहा शब्दांत बसवलीत मी!"

रॉसने छत्तीस संदेशांची यादी तिच्यापुढे टाकली. "घ्या मग. एक जरी अक्षर वाढलं, तर तळलेले आर्टिचोक तुमच्याकडून." आर्टिचोक म्हणजे आमच्या भागातली खवल्याखवल्यांची काटेरी भाजी, सगळ्यांच्या आवडीची.

चार दिवस ती पेन्सिल घेऊन बसली. प्रत्येक संदेश मला वाचून दाखवायची. मी क्षणभर जरी अडखळले, की खोडायची. 'प्राणघातक चूक: माध्यमवाचन असफल' याचं झालं, 'फ्लॉपी पुन्हा नीट घाला'.

शुक्रवारी रॉसने नवे संदेश घातले. पडद्यावरचा आकडा त्याने दोनदा पाहिला.

"एकशे बारा अक्षरांची जागा उरली," तो हळूच म्हणाला. मग एकदम उठला आणि तिचे दोन्ही हात धरून अनवाणीच नाचायला लागला.

"अरे, कंबर मोडेल माझी! त्या जागेचं काय करणार, ते सांग आधी."

चुकून पुसलेली फाइल परत आणायची सोय त्याला कधीची द्यायची होती. जागेअभावी राहून गेली होती. आर्टिचोक खाता खाताच त्याने ती लिहायला घेतली. अर्थात आर्टिचोक त्यानेच आणले होते.

नवी फ्लॉपी बाजारात गेली. पंधरवड्याने ती वापरणाऱ्या एका बाईंचा टूसॉनहून रडत फोन आला. चर्चच्या गायकांसाठी वर्षभर टाइप केलेली दोनशे गाणी एका कळीसरशी पुसली गेली होती.

"रडू नका. दुसरं काही टाइप करू नका. मी सांगते ती अक्षरं दाबा," व्हर्ना म्हणाली.

आम्ही सगळे कामं सोडून तिच्याभोवती गोळा झालो. ती एकेक अक्षर सांगत गेली. मग त्या बाई अशा आनंदाने किंचाळल्या, की व्हर्नाला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.