हजेरीची तारीख

कोरोनात तुरुंगांतली गर्दी कमी करायला कैद्यांना पॅरोलवर सोडलं, तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात त्यांची हजेरी माझ्याकडे होती. महिन्यातून एकदा येऊन रजिस्टरवर सही करायची, एवढीच अट.

कवठे येमाईकडचा एक पन्नाशीचा माणूस एसटी बंद म्हणून चालत यायचा. तिसऱ्या महिन्यात तो खोकतच आला. मी त्याला फाटकाबाहेर थांबवलं.

"आधी तपासणीचा रिपोर्ट आण."

"साहेब, आज तारीख हाय. माझा पेन हाय, लांबूनच सही करतो."

"रजिस्टरला हात लावायचा न्हाई."

तो दुपारभर उन्हात बसून राहिला आणि मग निघून गेला. दौंडला माझ्या घरी तान्ही मुलगी होती, त्यामुळे भीती खरी होती. पण संध्याकाळी मी त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं, ते भीतीपोटी नव्हे. 'आला होता' लिहिलं असतं, तर सही का घेतली नाही, हे वरिष्ठांनी मला विचारलं असतं.

आठवड्याने तो बायकोला घेऊन रिपोर्ट दाखवायला आला. साधा खोकला होता. तोवर पॅरोल रद्द झाला होता. मीच त्याला गाडीत बसवलं.

बायको म्हणाली, "साहेब, ह्ये त्या दिशी आलं व्हतं का न्हाई? तुम्हीच सांगा."

तो जाळीतून माझ्याकडे बघत होता.

"रजिस्टरला नोंद न्हाई," मी म्हणालो.

त्याला देण्यासाठी म्हणून भाकरीचं फडकं तिनं माझ्याच हातात ठेवलं.