चौकात अडकलेल्या मधमाश्या

मी मधमाश्या पाळते. कांद्याच्या बियाण्याला, खरबुजाला फूल लागलं की शेतकरी माझ्या पेट्या आपल्या शेतात नेऊन ठेवतात. माश्या फुलाफुलांवर फिरल्या की फळ चांगलं धरतं. त्या मार्चात केंदूर गावच्या कांद्याच्या शेतातलं काम आटोपलं होतं आणि पेट्या दौंडकडच्या एका खरबुजाच्या मळ्यात न्यायच्या होत्या. खरं तर हा प्रवास अंधारातच करायचा असतो. पेटीच्या दाराला जाळी लावली की आत ऊब वाढत जाते. टेम्पो चालता असला तर वारं लागतं, पण उन्हात उभा राहिला की माश्या गुदमरतात, मेणाची पोळी वितळून खाली बसतात. टेम्पो माझ्या चुलत दिराचा. तो नेमका निघताना बिघडला आणि दुरुस्त होईस्तोवर चांगलंच ऊन चढलं.

शिक्रापूरच्या अलीकडं गाड्यांची रांग लागलेली. दीर पुढं जाऊन बघून आला.

"वहिनी, रास्ता रोको हाय. बाया-मानसं चौकात बसल्यात. गतिरोधक पायजे म्हन्त्यात."

गतिरोधक का पाहिजे, हे मला कुणी सांगायला नको होतं. तो चौक पायी ओलांडताना मी स्वतः कितीदा निम्म्यातून मागं फिरले आहे. कंटेनर थांबतच नाहीत. माझं घर तिथं असतं तर मीही त्या ताडपत्रीवर बसले असते. पण पेट्यांमधली गुणगुण आता चढली होती, चिडकी झाली होती. झाकणाला हात लावला तर चटका बसला.

शेजारी कंपनीची बस उभी होती. खिडकीतला एक कामगार कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "आज की हाज़िरी गई." मागचा गाडीवाला हॉर्न दाबून आंदोलनवाल्यांना शिव्या देत होता. मलाही राग आलाच होता, फक्त नेमका कुणावर ते कळत नव्हतं.

दीर हळूच म्हणाला, "एक पेटी उघडू का? रस्ता आत्ता मोकळा व्हतोय बगा."

तो निम्मं चेष्टेनं बोलला. पण क्षणभर मी खरंच विचार केला. मग पुढं बसलेल्या बायकांच्या मांडीवरची लहान लेकरं दिसली. "गप बस," म्हणाले आणि चालत चौकात गेले.

सगळ्यांच्या मधोमध माझ्याच वयाची एक बाई बसली होती. बाकीचे तिच्याकडं बघून बोलत होते, म्हणून मी तिलाच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"ताई, परवा हितं माझीच पोरगी गाडीखाली आली," ती म्हणाली. "वाचली, पन पाय मोडलाय. आता तुमचा टेम्पू सोडला तर मागचा म्हनंल माझं दूध नासतंय, त्याच्या मागचा म्हनंल माझी हाजिरी. मग आमी बसायचं तरी कशाला?"

"तुमचं बरोबर हाय," मी म्हणाले. "पन माश्या मरत्याल."

ती मग उठली. "दाखवा."

टेम्पोपाशी येऊन तिनं पेटीला कान लावला आणि झटकन मागं झाली. तिनं आतला आवाज ऐकल्यावर मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"पुढं जाऊ देता यायचं न्हाई," ती म्हणाली. "मागं घ्या. हाटेलामागं चिंच हाय, मोठी सावली हाय."

तिनं हाक मारल्यावर ताडपत्रीवरचे काही जण उठून आले. त्यांनी मागच्या गाड्यांना विनवण्या करत एकेक गाडी सरकवली. बसचा ड्रायव्हर कुरकुरला, पण त्यानं बस मागं घेतली. हॉर्न वाजवणारा माणूस आपणहून खाली उतरला आणि दिराला "येऊ द्या, येऊ द्या" करत रस्ता दाखवू लागला. चिंचेखाली टेम्पो लागला तसं कुणीतरी हॉटेलातून रिकामी पोती आणली. आंदोलनवाल्यांनी स्वतःसाठी भरून आणलेलं पिण्याचं पाणी त्यांवर ओतलं आणि ओली पोती आम्ही पेट्यांवर पसरली. ती बाई तोवर आपल्या जागी जाऊन बसलीही होती.

आवाज हळूहळू उतरला. तो उतरतोय याची खात्री पटली तेव्हा मी चिंचेच्या बुंध्याला टेकून बसले.

दुपारी रस्ते खात्याचे साहेब आले. नुसत्या आश्वासनावर कुणी उठलं नाही. गतिरोधकाचं सामान घेऊन गाडी आली, माणसं कामाला लागली, तेव्हा ताडपत्री गुंडाळली गेली. आमचा टेम्पो चौकातून निघताना ती बाई कडेला उभी होती.

"जगल्या का?" तिनं विचारलं.

"जगल्या. पोरीला जपा."

तिनं मान हलवली.

दिवस मावळता मावळता मळ्यात पोचलो. एका पेटीतलं पोळं बसलं होतं, तेवढंच. बाकीच्यांची जाळी काढली तशा माश्या घोळक्यानं बाहेर आल्या, पेटीभोवती गिरक्या घेऊन जागा ओळखू लागल्या. मी बांधावर बसून बघत राहिले. रस्ता अडवावा की अडवू नये, हे मला विचाराल तर आजही नीट सांगता येणार नाही. माश्या मेल्या असत्या तर मी कदाचित वेगळंच बोलले असते.

दीर मागून म्हणाला, "वहिनी, आता जेवायचं का?" सकाळपासून पोटात काही नाही, हे मला तेव्हा कुठं जाणवलं. भाकरी वाळून कडक झाली होती. आम्ही ती चवीनं खाल्ली.