हळू बोलण्याची तालीम

तीर्थपुरीत मी सोळा वर्षं पिठाची चक्की चालवली. मोटार आणि पट्टा सुरू झाला की शेजारी उभ्या बाईशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे माझ्याकडे दोनच आवाज उरले, एक मोठा आणि दुसरा त्याहून मोठा. गिऱ्हाइकांची नावं घेत बसायला वेळ नसायचा. "ओ बाजरी, झालं तुमचं!" म्हटलं की बाजरीवाली गप्पा सोडून उठायची. "निळं झाकण, जल्दी या!" म्हटलं की निळ्या झाकणाची यायची. कोणाला त्यात अपमान वाटला नाही. चेहरे मला फारसे आठवत नाहीत, पण अर्ध्या गावाचे डबे आणि पिशव्या मी अजूनही ओळखीन.

मग घरोघरी विजेवरच्या छोट्या चक्क्या, घरघंट्या आल्या. नवरा त्याआधीच वारला होता. तो असता तरी घरघंट्या आल्याच असत्या. मी चक्की विकली आणि मुलीच्या कॉलेजसाठी जालन्यात वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. दिराने फोनवर सरळ सांगून टाकलं, "वहिनी, दिवाळीपर्यंत बघा काम भेटतं का. न्हाई तर पोरीला हॉस्टेलला टाका अन् तुम्ही इकडं या. चौदा माणसांचा सैपाक हाय, बाई लागतेच." माणूस वाईट नाही. पण उरलेलं आयुष्य चौदा माणसांच्या भाकरी थापण्यात घालवायची माझी तयारी नव्हती.

दसरा झाला तरी काम नव्हतं. तेव्हा मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. स्किन क्लिनिकला रिसेप्शनिस्ट पाहिजे, महिला, प्रेझेंटेबल.

"प्रेझेंटेबल म्हंजे?"

"बघण्यासारखी."

"किती वेळ बघणार हायेत?"

"मम्मी, फोन उचलायचा, नंबर लावायचे, पेशंट आत सोडायचे. चक्कीवर दुसरं काय करत होतीस तू?"

हे मला पटलं. तिने माझा अर्ज भरला. वयाच्या रकान्यात सत्तेचाळीस लिहिताना तिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू थोडी घासाघीस करता आली असती. दोन दिवसांनी फोन आला, सोमवारी मुलाखतीला या. हातात पाच दिवस होते.

पहिला दिवस चेहऱ्यावर गेला. कातडीच्या दवाखान्यात अशा कातडीची बाई कोण बसवील, असं मुलीचं म्हणणं. तिने डाळीच्या पिठात हळद आणि दही कालवून माझ्या तोंडाला थापलं. सोळा वर्षं रोज संध्याकाळी मी तोंडावरचं पीठ धुतलं होतं, आता मुद्दाम लावून घेत होते. हळद जरा जास्त झाली. चेहरा दोन दिवसांत निवळला, पण मान सोमवारपर्यंत हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखी पिवळी राहिली.

खरी अडचण आवाजाची होती. मुलीने तालीम सुरू केली. ती गच्चीवर जाऊन मोबाइलवरून पेशंट व्हायची आणि मी खोलीत बसून क्लिनिक.

"हॅलो, मला खाज येते," ती हळूच म्हणायची.

"कुठं येते?" मी.

"मम्मी, फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येऊन राह्यलं. अन् कुठं येते हे विचारायचंच न्हाई. अपॉइंटमेंट द्यायची."

"कुठं येते ते कळल्याशिवाय नंबर कसा लावू? मी बाजरी अन् गहू कधी एकत्र घेतले का?"

"इथं सगळे गहूच समज."

पुन्हा सुरू. "खाज कधीपासून हाय? घरात अजून कोणाला हाय का?" हे प्रश्न मी माझ्याच मनाने घातले होते, मला ते फार डॉक्टरी वाटायचे. मग नाव पुकारायची तालीम. मुलगी दारात खुर्ची टाकून बसायची आणि मी म्हणायचे, "ओ मुरूम, या आत!" तिने कपाळावर हात मारून घेतला. "मम्मी, नंबर पुकारायचा. मुरूम न्हाई, वांग न्हाई, गजकर्ण तर बिलकुल न्हाई."

खाली घरमालकीण राहते. साठीची, तोंडाने फटकळ, एकटी. मी तिला मावशी म्हणते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर दोघींच्या एका दोरीच्या दोन दोऱ्या झाल्या होत्या. नवी दोरी पार पलीकडच्या कठड्याला. तिच्यावर मावशीची लुगडी, आणि जुन्या हिरव्या उशीच्या अभ्र्याची शिवलेली, लाल बंदाची ती पिशवी, जी ती रोज भाजीला नेते आणि रोज धुते. जिन्यात कडुलिंबाची डहाळी अडकवलेली.

"मावशी, हे काय?"

"काही न्हाई ताई. खाज कोणाला हाय, तुला का पोरीला?"

मी सगळं समजावून सांगितलं. नोकरीची तयारी आहे, खाज खोटी आहे. तिचा विश्वास बसला का ते कळलं नाही, कारण तिने वेगळंच विचारलं. "तिथं डॉक्टर बाईच हाय का?"

"हो, बाई हायेत."

"आत पेशंट असला का दार लावतात?"

"लावतातच ना."

"अन् बाहेर बसायला बापे लोक असतात का?"

मी गच्चीभर ऐकू जाईल अशा आवाजात, क्लिनिक कोणत्या कॉम्प्लेक्समध्ये, कोणत्या मजल्यावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सगळी माहिती दिली. मुलाखतीत हेच विचारलं तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

"हळू बोल ना गं," मावशी खेकसली. "सगळ्या गल्लीला सांगतेस का?"

तेव्हा मला वाटलं, बाईला नसत्या चौकशा.

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसून, पिवळी मान पदरात लपवून क्लिनिकमध्ये पोचले. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीला ओळीने खुर्च्या. डॉक्टर माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी अर्ज पाहिला.

"याआधी कुठे काम केलंय?"

"पिठाच्या चक्कीवर," मी म्हणाले. काचेपलीकडच्या खुर्च्यांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या.

"थोडं हळू," डॉक्टर म्हणाल्या. "चक्कीवर काय काम होतं?"

"चक्कीच माझी होती," मी माझ्या समजुतीने हळू बोलले. माना पुन्हा वळल्या.

त्यांनी कॉम्प्युटरचं विचारलं. मुलीने पढवल्याप्रमाणे "बेसिक येतं" म्हणाले. देवाच्या कृपेने बेसिक म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. मग त्यांची नजर माझ्या मानेवर गेली. "हळद?"

"घरगुती," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

त्यांनी माझा अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला. नाही म्हणायच्या आधी लोक अर्ज असाच ठेवतात, हे मला गेल्या चार महिन्यांत चांगलं समजलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आज रिसेप्शनला कोणीच नाहीये. अर्धा तास बाहेर बसा, पेशंट आत पाठवा. बघू."

बाहेर टेबलावर कागद होता. नंबर, नाव आणि समोर काय त्रास ते. आतून बेल वाजली. मी कागद उचलला, उभी राहिले, पाच दिवसांची तालीम आठवली, आणि सोळा वर्षांच्या सवयीने ओरडले, "नंबर चार! वांग!"

एक तरुण बाई उठली. ती ओढणी गालांवर ओढत माझ्या समोरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते माझं मला पुरेसं होतं. वांग म्हणजे गालांवरचे काळपट डाग, काही मोठा रोग नाही. पण बाई ज्या गोष्टीसाठी तोंड झाकून येते, ती मी सगळ्या खोलीला वाचून दाखवली होती. आतल्या दारात डॉक्टर दिसल्या. तिला आत घेऊन त्यांनी दार लावून घेतलं.

मी बसले आणि मनात चौदा भाकऱ्या मोजू लागले.

पाचव्या नंबरसमोर त्रासाचा रकाना कोरा होता. नावाच्या जागी नुसतं आडनाव, तेही दहा जणांचं असतं तसलं. खुर्च्यांवर पाहिलं, तर कोपऱ्यात एक बाई डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून बसलेली, डोळे तेवढे उघडे. तिच्या मांडीवर हिरव्या अभ्र्याची, लाल बंदाची पिशवी.

ती मला मी आले तेव्हापासून पाहत असणार. "पिठाच्या चक्कीवर" तिने ऐकलं असणार, "वांग" तर ऐकलंच. बंद तिने दोन्ही मुठींत आवळून धरला होता. मला आता कळलं, गच्चीवरच्या चौकशा कशासाठी होत्या. आणि "अगं बाई, मावशी, तुम्ही इथं?" हे वाक्य माझ्या गळ्यापर्यंत आलेलं होतं. पूर्ण. मोठ्या आवाजात.

बेल वाजली.

मी वाक्य गिळलं. आवाज खाली आणणं मला अजून जमत नव्हतंच, म्हणून चालत तिच्या खुर्चीपर्यंत गेले. कमरेत वाकले. ओठ जवळजवळ स्कार्फला लागले तेव्हा म्हणाले, "पाच." एवढंच. ताई नाही, मावशी नाही. अनोळखी बाईला दाखवावं तसं हाताने दार दाखवलं. ती उठली. दारापर्यंत मी तिच्या आणि खुर्च्यांच्या मधून चालले. डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं होतं, त्या पाहत होत्या.

पुढचे तीन पेशंट मी तसेच नेले, प्रत्येकाच्या खुर्चीपर्यंत जाऊन. गुडघे दुखले. अर्ध्या तासाने मला आत बोलावलं.

"चार नंबरला ओरडलात," डॉक्टर म्हणाल्या. "पाचपासून एकदम काय झालं?"

खरं कारण सांगायचं तर पाच नंबरची बाई सांगावी लागली असती. नोकरी तिथेच अडकलेली होती आणि मला दुसरं काही सुचेना.

"घसा बसला," मी म्हणाले. खणखणीत आवाजात.

त्या हसू दाबत कागदपत्रं चाळू लागल्या. "रोज असाच बसू द्या. त्या वांगवाल्या बाईंची माफी मागा, त्या परवा परत येणार आहेत. उद्यापासून दहा वाजता."

माफी मी मागितली. ती बाई अजूनही माझ्याशी तुटक बोलते, आणि ते बराबर आहे.

घरी येऊन आधी दिराला फोन केला. तो म्हणाला, "मंग सैपाकाला कोण?" मी म्हणाले, "घरात चौदा जणांचे अठ्ठावीस हात हायेत भाऊजी," आणि ठेवला.

संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली ती जिन्यातूनच ओरडत आली. "मम्मी! काय झालं? कोण कोण आल्तं? काय काय झाल्तं त्यांना? सांग ना!"

खाली मावशी भांडी घासत होती. तिचा नळ एकदम बंद झाला. जिन्याचा दरवाजा उघडाच होता.

मी दारात गेले, कठड्याला धरून उभी राहिले आणि माझ्या दोन आवाजांपैकी दुसरा लावला.

"कोणी न्हाई आल्तं! मी कोणालाच ओळखत न्हाई तिथं!"

"हळू ना मम्मी," मुलगी म्हणाली. "खाली ऐकू जाऊन राह्यलं."

खाली नळ पुन्हा सुरू झाला.