मुंबईच्या झग्यावर अंबाडीची भाजी

परभणीत बाबांचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून श्रद्धांजलीपर्यंत माणसाचं सगळं आयुष्य तिथं छापून मिळतं. सुरतेच्या एका छपाई कारखान्यात काही वर्षं नोकरी करून मी परत आले आणि दुकानामागच्या खोलीत कापडावर छापणारं डिजिटल मशीन बसवलं. बाबांना समजावलं, की हे शाश्वत काम आहे. कॉम्प्युटरवरचं चित्र थेट कापडावर उतरतं, पाहिजे तेवढाच रंग पडतो, गरम प्लेटखाली दाबला की तो पक्का होतो आणि छापून झाल्यावर कापड धुवायला पाणी लागत नाही.

"शाश्वत म्हंजे टिकाऊच ना?" बाबा म्हणाले. "मग फ्लेक्स काय वाईट हाय? पाच वर्षांखालचा वाढदिवस अजून लोकांच्या गोठ्यावर टिकून हाय."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फार लांबलचक होतं.

मशीनचं एक दुखणं मला सुरतेत कळलं नव्हतं. हवा कोरडी झाली की रंग सोडणारी बारीक छिद्रं वाळून बंद पडतात. परभणीच्या मे महिन्यात माणूस वाळतो, तिथं छिद्रांचं काय! शेवटी त्या खोलीत मोठा कूलर लावला. पाणी वाचवणारं मशीन आणि त्याच्या दिमतीला दिवसाला चार घागरी पाणी पिणारा कूलर, असा संसार सुरू झाला. बाबा दोन्हींकडे बघून नुसते हसायचे. दुपारी सगळं घर मशीनच्या खोलीत मुक्कामाला यायचं.

त्याच दिवसांत पोखर्णीची आत्या गुडघ्याच्या औषधासाठी आमच्याकडे आली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शेती बघते आणि गावातल्या नरसिंहाच्या देवळात दिव्याला वाती पुरवते. तिनं कूलरसमोर सतरंजी टाकली आणि कापूस काढून वाती वळायला बसली. मी धावले.

"आत्या, इथं कापूस नको. तंतू उडून मशीनमध्ये जातेत."

"कापसाच्या कापडावर छापायलीस आन कापूस नको म्हणायलीस?" ती म्हणाली, पण तिनं पिशवी बांधली. हाताला काम उरलं नाही म्हणून मग ती मशीनमधून सरकणारं कापड बघत बसली.

त्या दिवशीचं काम माझं आजवरचं सगळ्यात मोठं होतं. मुंबईच्या एक डिझायनर बाई स्वतः आल्या होत्या. श्रीमंत लोकांसाठी एकेक झगा वेगळा शिवतात त्या. यंदाचा त्यांचा सगळा संग्रह कापसावर होता. सेंद्रिय कापसाचं कापड आणि त्यावर कापसाचंच फूल, पिवळं, मधोमध गडद लाल. मी छिद्रांकडे डोळे लावून उभी. चार मीटर कापड बाहेर आलं. रंग असा उतरला होता, की मलाच माझा अभिमान वाटला.

"लय झ्याक," आत्या म्हणाली. "पण झग्यावर अंबाडी कशापायी?"

बाईंनी वळून पाहिलं. "हे कापसाचं फूल आहे, मावशी."

"न्हाई ओ ताई. पान बघा, कडंनं दातेरी हाय. खोडाला काटे दिसायलेत. अंबाडीच हाय ही. आमी हिची भाजी करताव."

"भाजी?"

"ज्वारीच्या कण्या टाकायच्या, वरून लसणाची फोडणी."

बाईंनी चित्र इंटरनेटवरून विकत घेतलं होतं आणि त्याखाली कापूस असंच लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या लक्षात नाही आलं?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लहानपणी मी आत्याच्या बांधावर अंबाडी खुडलेली आहे, तिची फुलं कानात घालून मिरवलेली आहे. "मी मशीनकडे बघत होते," एवढंच मला म्हणता आलं. तेव्हा बाई जे हसत सुटल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भाजी घालून मुली स्टेजवर चालल्या असत्या!"

सुरतेत अशी चूक झाली असती, तर छपाईसाठी कोरलेल्या जाळ्या फेकाव्या लागल्या असत्या आणि कालवलेला रंग गटारात गेला असता. इथं फक्त चित्र बदलायचं होतं. पण खरं फूल मे महिन्यात आणायचं कुठून? शेतं तर नांगरून पडलेली.

"माझ्या परसात देवकापूस हाय की," आत्या म्हणाली. "वातीचा. त्याला बारा महिने एखाददुसरं फूल असतंय."

बाईंच्या गाडीतून आम्ही पोखर्णीला गेलो. परसातल्या झाडाला तीन फुलं होती. बाईंनी पायातल्या उंच टाचा काढल्या आणि शेणाने सारवलेल्या अंगणात अनवाणी उभं राहून फोटो काढले. निघायला लागल्या तर आत्यानं अडवलं. "आज पिवळं हाय. उद्या सकाळी हेच फूल गुलाबी होतंय. ते बघितल्याबिगर जायचं न्हाई."

बाई राहिल्या. जेवायला वाळवून ठेवलेल्या अंबाडीची भाजी होती. त्यांनी दोनदा मागून घेतली. सकाळी फूल खरंच गुलाबी झालं होतं. बाईंनी त्याचेही फोटो काढले. मग त्यांनी ठरवलं, की झग्याच्या वरच्या भागावर पिवळी फुलं आणि खाली उतरत गुलाबी.

पुढच्या आठवड्यात मी तसं छापलं. दर मीटरला आत्या पान तपासत होती. मी तिला चष्मा पुसून देत होते.

बाईंच्या मुंबईतल्या फॅशन शोचा व्हिडिओ फोनवर आला, तो मी पोखर्णीला जाऊनच दाखवला. आत्याच्या ओसरीवर शेजारच्या चार बायका जमल्या. झगा घातलेली उंच मुलगी तरातरा चालत आली, क्षणभर थांबली, वळली आणि गेली. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. देवकापूस मात्र तिच्या खांद्यापासून पायापर्यंत फुललेला होता.

"पोरगी उपाशी हाय का गं?" एका बाईनं विचारलं.

आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा लावायला सांगितला. "चाल बघा कशी हाय," ती म्हणाली. "आमच्या रानात कापूस वेचायला आली तर सगळ्यांच्या आधी आपली ओळ वेचून बसंल."

मी ते वाक्य जसंच्या तसं बाईंना पाठवून दिलं.