डोळ्यांवरची झापड

मुलगी दिवाळीला पुण्याहून आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ओढणीत गुंडाळलेली एक पांढरी वस्तू होती. डोळ्यांवर बांधायचा व्हीआरचा डबा, मागे पट्टा, आणि दोन्ही हातांत धरायच्या दोन मुठी. जावयांनी मोठ्या हौसेनं घेतलं होतं ते. काही दिवस गेम खेळले, मग मान दुखायला लागली आणि डबा कपाटात गेला. तो आता आमच्या पालमच्या घरी आला.

"पप्पा, हे तुमच्यासाठी आणलंय," ती म्हणाली. "पडल्या पडल्या जग फिरा."

ह्यांनी तो उजव्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हे तर घोड्याची झापड हाय," म्हणाले. लकवा मारल्यापासून त्यांची जीभ जड झाली आहे, त्यामुळे झापड हा शब्द जरा लांबत गेला. आम्ही दोघी हसलो. घरात त्या वस्तूचं नाव तेच पडलं.

हे एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना एका सकाळी न्हाणीत पडले आणि डावी बाजू गेली. मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. सकाळी त्यांचं अंघोळपाणी, खाणं, गोळ्या करून एसटी गाठायची, दुपारी शेजारच्या काकू एकदा डोकावून जाणार, आणि संध्याकाळी परत आल्यावर पर्स खुंटीला लावायच्या आधी हाक येणार. मी तक्रार म्हणून सांगत नाही. असा दिवस असायचा, एवढंच.

मुलीनं पहिल्या दिवशी त्यांना पलंगावर उशा लावून नीट बसवलं, चष्म्यावरून झापड चढवली, पट्टा आवळला. त्यांना आत जे दिसत होतं तेच मोबाईलवर आम्हालाही दिसेल अशी सोय तिनं केली. आधी समुद्र लावला. हे मान डावीकडे वळवून बघायला लागले, मग उजवीकडे, मग वर. "मागंबी हाय की," म्हणाले. आजारी पडल्यापासून त्यांची मान एवढी फिरलेली मी पाहिली नव्हती. मुलगी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, बघ.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी गेली. घर भरून गेलं. लकव्यानंतरचे पहिले काही आठवडे सोडले तर आमच्याकडे इतकी माणसं आली नव्हती. शेजारच्या काकूंना केदारनाथ बघायचं होतं. देवाचं म्हणून त्यांनी डोक्यावर पदर घेतला, पण पदरावर पट्टा बसेना. शेवटी त्यांनी पदर मानेभोवती घेतला आणि झापड लावली. बर्फ दिसल्याबरोबर "अगं बया, थंडी वाजायली" म्हणत अंग चोरून घेतलं. देऊळ जवळ आलं तसे त्यांनी पाया पडायला हात पुढे केले, ते स्टुलावरच्या पाण्याच्या तांब्याला लागले. सगळं पाणी ह्यांच्या अंथरुणावर. सगळे खदखदून हसले, हेही हसले. मी चादर बदलली.

आठवडाभर असं चाललं. कुणाला वाघ बघायचा होता, कुणाला विमान. मी चहा करत होते. हे पलंगाच्या कडेला बसून प्रत्येकाला पट्टा कसा आवळायचा ते सांगत होते, एखाद्या नव्या गाडीची माहिती द्यावी तसे. मग मुलगी पुण्याला गेली, माणसांचं बघून झालं, आणि घर पुन्हा होतं तसं झालं. काकू एकदा म्हणाल्या, "बाई, एकदा बघितलं ना, झालं. पुन्यांदा काय बघायचं?" त्या झापडीबद्दल बोलत होत्या. मला उगाच ते ह्यांच्याबद्दल ऐकू आलं.

एक माणूस मात्र येत राहिला. ह्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एकाच गाडीवर असलेले कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसं हे त्यांना मास्तर म्हणायचे आणि ते ह्यांना उस्ताद. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते निवृत्त झालेत. झापड डोक्याला लावायला ते कधीच तयार झाले नाहीत. "मला चक्कर येती," म्हणायचे, आणि खुर्ची ओढून मोबाईलवर बघत बसायचे.

रस्त्याचे व्हिडिओ असतात हे ह्यांना त्यांनीच शोधून दिलं. ड्रायव्हरच्या जागेवर कॅमेरा ठेवून काढलेले. समोर काच, काचेपलीकडे रस्ता, मान वळवली की शेजारी दरी. कुठल्या तरी परदेशातला डोंगराचा रस्ता होता, वळणावळणाचा. ह्यांनी झापड लावली आणि ताठ बसले. उजवा हात पुढे आला, मांडीच्या वर हवेत थांबला. मी दारात कणीक मळता मळता बघत होते. त्यांचा उजवा पाय चादरीखाली दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता.

"हळू, हळू," ते म्हणायला लागले. "अरे, वळणावर कशाला पळवायलाय हा?"

"उस्ताद, व्हिडिओ हाय तो," भाऊजी म्हणाले.

"ब्रेक दाबायलोय तर गाडी थांबंना!"

आणि त्यांनी उलटी केली. झापड तशीच डोळ्यांवर. भाऊजींनी धावत येऊन पट्टा सोडवला, मी कणकेच्या हातांनीच त्यांचं डोकं धरलं. घाम फुटला होता, चेहरा पांढरा पडला होता. ज्या माणसानं उभा जन्म गाडी चालवली, ज्याला कधी मळमळलं नाही, त्याला अंथरुणात गाडी लागली होती. मी त्यांना पुसलं, सदरा बदलला, अंथरूण बदललं, मग झापडीच्या आतला स्पंज काढून धुतला. वास जायला दोन वेळा धुवावा लागला.

सावरल्यावर भाऊजी म्हणाले, "तुमी ड्रायव्हर म्हणून बसलात, तिथंच गडबड झाली. प्याशिंजर म्हणून बसायचं. खिडकीतून बघायचं नुस्तं."

ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मला प्याशिंजर म्हणून बसाया येत न्हाई, मास्तर."

भाऊजींनी मोबाईल बाजूला ठेवला आणि उन्हाबिन्हाचं काहीतरी बोलायला लागले. मी आत गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. कणीक वाळून गेली होती आणि ती पुन्हा भिजवायची होती.

त्यानंतर रस्ते बंद झाले. फुग्यांचा गेम सुरू झाला. परभणीला ज्या डॉक्टरकडे हातापायांचे व्यायाम घ्यायला नेत होते, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, बसून खेळू दे, थोडा थोडा वेळ, पण डाव्या हातानं. खेळ साधा होता. जमिनीतून रंगीत फुगे वर येतात, हात उचलून ते फोडायचे. डाव्या हाताला मूठ धरवत नव्हती, म्हणून मी ती त्यांच्या मनगटाला रुमालानं बांधून द्यायचे. पण हे सगळं उजव्याच हातानं करायचे. उजवीकडचे फुगे फटाफट फुटायचे. डावीकडचे, मोबाईलवर मला दिसायचे, तसेच वर वर जाऊन नाहीसे व्हायचे. डावा हात मांडीवर पडलेला.

"डावा उचला," मी म्हणायचे.

"उचलायलोय की."

"नाही उचलत तुम्ही. मला दिसतंय."

"तुला काय दिसतंय तिकडून?"

शेवटी मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांनी दाबून धरायला लागले. शाळेतून आल्यावर रोज. ते चिडायचे, हात सोडवून घ्यायचे. त्यांच्या एका हातात माझ्या दोन हातांपेक्षा जास्त ताकद होती, त्यामुळे मी दमून जायचे. कधी डावा हात थोडासा उठायचा, एखादा फुगा फुटायचा. कधी सबंध संध्याकाळ एकही नाही. हात सुधारला का, असं मुलगी फोनवर विचारायची. थोडा, मी सांगायचे. ते खोटं नव्हतं. कपात बोट अडकवण्याइतका सुधारला.

पण झापड आल्यानं माझं काम कमी झालं नाही, वाढलंच. चार्जिंगला मी लावायची. नेट माझ्या मोबाईलवरून द्यायचं. चष्मा आत अडकला की मी काढायचा. घामानं काच धुरकट झाली की मी पुसायची, गालांवर लाल वळ उठले की तेल मी लावायचं. लाईट गेली की दोष माझा. आणि एकटे असले की ते झापडीचा आवाज मोठा करायचे, मग त्यांना बाहेरचं ऐकू यायचं नाही, म्हणून ते ओरडून बोलायचे. "पाणी!" "पंखा!" "हे काय आलं मधीच, बघ!" गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा. मी उत्तर द्यायचे ते त्यांना ऐकू जायचं नाही, मग जाऊन खांद्याला हात लावायचा, ते दचकायचे, रागवायचे. मुलगी म्हणायची, "आई, त्यांचा वेळ जातो ना, तुला तेवढाच आराम." मी हो म्हणायचे. फोनवर एवढं सगळं कुठं सांगत बसायचं?

एका रविवारची गोष्ट. जेवणं झाली, ह्यांना झोप लागली. मी भांडी घासली, धुणं दोरीवर घातलं, आणि झापड पुसून ठेवावी म्हणून ह्यांच्या पलंगावरून दिसणाऱ्या ओसरीतल्या खुर्चीवर बसले. काच साफ झाली का बघायला डोळ्यांना लावली. स्वतःसाठी म्हणून मी ती त्याआधी कधी लावली नव्हती. एवढ्या दिवसांत तशी वेळच आली नव्हती.

कुठलाही व्हिडिओ चालू नव्हता. गेम निवडायच्या आधी जी जागा दिसते, तेवढीच होती. एक मोठी खोली. समोर भिंतभर काच, काचेबाहेर निळे डोंगर, संध्याकाळचा उजेड. खोलीत जवळपास काहीच नव्हतं. फरशी स्वच्छ होती. मी मान वळवून मागे पाहिलं. तिकडेही कुणी नव्हतं. ओटा नव्हता, दोरी नव्हती, औषधाचा डबा नव्हता. ती खोली माझ्याकडे काहीही मागत नव्हती. मी पट्टा आवळला आणि पाठ टेकून बसले.

झोप कधी लागली कळलं नाही. जाग आली ती बोलण्यानं. डोळ्यांपुढे काळोख होता, झापड आपोआप बंद झाली होती. आधी मला कळेचना मी कुठे आहे.

"श्श," ह्यांचा आवाज. "झोपली हाय ती."

"झापड लावून?" भाऊजींचा आवाज. दारातून आले असणार.

"असू द्या. लय वेळ झाला, मी बघायलोय इथून. हाक मारू नका."

मी उठायला हवं होतं. भाऊजी आले की चहा होतो, हे ठरलेलं. हात पट्ट्याकडे न्यायचा विचार केला आणि नेला नाही. तशीच पडून राहिले, मान जरा कलती, तोंड थोडं उघडं, जशी झोपेत होते तशी.

थोडा वेळ दोघं कुजबुजत राहिले. मग हे म्हणाले, "मास्तर, चहा टाका की तुमीच."

"मी?"

"मग काय मी टाकू?"

भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात गेले. भांडं शोधल्याचा आवाज आला, झाकण पडल्याचा आला. गॅस दोनदा चटकला, मग पेटला. मग भाऊजी दारात येऊन हळूच म्हणाले, "उस्ताद, साखर कुठं हाय?"

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच घरात, त्याच फळीवर, त्याच डब्यात साखर आहे. मी अंधारात वाट बघत होते.

"काय की," हे म्हणाले. "वर असंल. न्हाईतर खाली."

मला हसू आलं. मला साखर कुठे आहे ते ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. मी बोलले नाही. भाऊजींनी डबे उघडले, झाकले. शेवटी दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. हे म्हणाले, "लय कडू झाला." भाऊजी म्हणाले, "तब्येतीला बरा असतो." बशीत ओतून घेतल्याचा, फुर्रकन ओढल्याचा आवाज मी ऐकला. आमच्या घरात चहा झाला होता आणि मी तो केला नव्हता. एवढी साधी गोष्ट, पण लकव्यानंतर पहिल्यांदाच घडत होती.

मी झापड काढली तेव्हा भाऊजी गेले होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बघत होतीस आत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "रिकामी खोली होती."

हे म्हणाले, "तुझ्या गालावर वळ उठलेत." आणि तेलाची बाटली माझ्याकडे सरकवायला त्यांनी उजवा हात लांबवला, पण ती त्यांच्यापासून लांब होती. मीच उठून घेतली.

त्या आठवड्यात मी दोघांना समोर बसवून सांगितलं. वर्गात सांगते तशा आवाजात सांगितलं, दुसरा आवाज मला सापडला नाही. रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत दार लोटून पडणार. मला हाक मारायची नाही. पाणी, पंखा, संडासला नेणं, जे असेल ते भाऊजी बघतील. भाऊजी लगेच हो म्हणाले. हे म्हणाले, "आणि मास्तर आले न्हाईत तर?"

"तर तुम्ही दोन तास थांबायचं," मी म्हणाले.

झापड हल्ली फारशी लागत नाही. ह्यांना फुग्यांचा कंटाळा आला आहे, आणि उजवा हात धरून ठेवायचं बळ माझ्यातही रोज असत नाही. हात आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, आहे तो टिकवा. शाळा आहे, एसटी आहे, सकाळचं सगळं आहे तसं आहे. पण रविवारी जेवणं झाली की भाऊजी येतात, मी आत जाते. साखरेचा डबा मी ओट्यावर काढून ठेवलेला नाही. त्यांचा त्यांनी शोधला. चहा अजून बेताचाच होतो, भांडीही धड विसळली जात नाहीत. मी पडल्या पडल्या तो खडखडाट ऐकते आणि उठत नाही.