सुभेदाराची येळवस

आमच्या ईट गावात पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढताना विचारत नाहीत. विचारणे हा कंजूषपणा समजला जातो. अशा गावात वाढलेल्या हर्षालीने मोजून वाढण्याचे शास्त्र शिकावे, याचे तिच्या आईला, सत्यभामाबाईंना, अजूनही वैषम्य आहे. पशुपोषणात पदव्युत्तर पदवी घेऊन ती अणदूरजवळच्या एका संस्थेच्या लहानशा प्राणिसंग्रहालयात आहारतज्ज्ञ झाली, तेव्हा सत्यभामाबाई शेजारणीला म्हणाल्या, "लोकाच्या लेकी चार माणसं जेवू घालतात. आमची अस्वलाला उपाशी ठेवून पगार घेतीय."

त्या अस्वलाचे नाव सुभेदार. वजन एकशे एकेचाळीस किलो. गूळ, बिस्किटे आणि शिळ्या भाकरी यांवर त्याची इतकी वर्षे गेली होती, की मागचे गुडघे त्या भाराने कुरकुरू लागले होते. हर्षालीने आहाराचा तक्ता केला: पेरू, उकडलेली अंडी, काकडी आणि आठवड्यातून दोनदा वाळवी. वाळवीसाठी ती आणि प्राण्यांची देखभाल करणारे बलभीमकाका बांधाबांधाने वारुळे शोधत हिंडत. संस्थेचे अध्यक्ष बाबूराव यांनी नेमणूक देतानाच बजावले होते, "वर्षानं वजन एकशेवीसच्या आत आलं तर तुम्ही राहाल. न्हाय आलं तर तुमचा तक्ता बंद, गूळ चालू."

अकरा महिन्यांत काटा एकशे एकोणीसवर आला. सुभेदार आता मागच्या दोन पायांवर उभा राहून पाठ खाजवी. अध्यक्षांसमोर वजन करण्याचा दिवस मात्र नेमका येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी आला.

येळवशीला आमच्याकडे घरात कोणी जेवत नाही. शेतात पूजा होते आणि मग शेंगा-पालेभाज्यांची पातळ आंबट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे आणि ताकातली आंबील यांची पंगत बसते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. त्या दिवशी कोणी उपाशी राहिले तर ते शेताला चांगले नसते, अशी समजूत आहे. हर्षालीला त्या दिवशी तीन शेतांतून बोलावणे होते. ती तिन्ही ठिकाणी जेवली आणि खोलीवर जाऊन आडवी झाली.

सकाळी बाबूराव आले. पिंजऱ्याच्या दाराशी वजनकाटा मांडलेला होता. एरवी अर्ध्या पेरूसाठी सुभेदार आपण होऊन त्यावर चढे. आज तो कुशीवर पडून होता. पेरू दाखवला, त्याने डोळे मिटले. मध दाखवला, त्याने तोंड फिरवले. अखेर घटकाभराने उठला, काट्यावर बसला आणि एक दीर्घ ढेकर दिला. ढेकराला ताकाचा आणि लसणाचा स्पष्ट वास होता.

काटा एकशे चोवीसवर थांबला.

"काका," हर्षाली शांतपणे म्हणाली, "काल याला काय दिलंत?"

"तक्त्यात हाय तेच."

"आणि?"

"एक उंडा," बलभीमकाका जमिनीकडे पाहत म्हणाले. "आमी सगळी जेवून उठलो आन् हे एकलंच काकडी खात बसलंय. बरं दिसतं का ते?"

झाडलोट करणाऱ्या अयोध्याबाईंनी पदर सावरला. "म्या नुसती आंबील दिली. ती पाण्यातच धरतात. तांब्याभर व्हती."

"तांब्या की कळशी?" तिकीट देणाऱ्या इंद्रजितने विचारले.

"तू बोलू नको. तुझा भज्जीचा डबा अस्वलानं चाटून पुसल्यावानी व्हता."

चौकशीअंती नऊ घरे निघाली. प्रत्येकाची खात्री होती, की बाकीचे मॅडमची शिस्त पाळणारे असल्यामुळे अस्वलाचा सण आपल्यावरच अवलंबून आहे.

हर्षालीने वही उघडून नावे लिहायला घेतली. नऊ लिहून झाल्यावर बाबूराव खाकरले.

"आठ दिवसांनी पुन्हा वजन करू," ते म्हणाले. "यादी कशाला ठेवायची?"

यादी फाडली असती तर आठ दिवसांची सवलत आयती पदरात पडत होती. हर्षालीने पेन ठेवले नाही. "एकशे चोवीस का झालं, हे कागदावर नसलं तर पुढच्या वर्षी पुन्हा होईल. तुम्ही काय दिलंत?"

बाबूराव हळूच म्हणाले, "उंडे. दोन. भज्जीत बुडवून."

"नाव कुठं घालू?"

"मानानं पहिलं येतं," ते म्हणाले. "पण शेवटी घाला."

त्या कागदावर त्यांनी सहीही केली. आठ दिवसांनी सुभेदार एकशे अठरा भरला आणि हर्षालीची नेमणूक पुढे चालू झाली. मग तिने तक्त्यात एक ओळ वाढवली: येळवस, उंडा एक, नव्वद ग्रॅम, सर्वांच्या वतीने.

बलभीमकाकांनी ती वाचून घेतली. "नव्वद ग्रॅमला आमच्यात उंडा न्हाय म्हणत, मॅडम," ते म्हणाले. "औषधाची गोळी म्हणतात."