पहिल्या पंगतीतलं पान

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नारळ कमी पडले नव्हते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आईला तर तिच्या शेवटच्या आजारपणातही नाही. तुम्हाला वाटेल, नारळांचं काय एवढं? ते कळायला आधी तो माणूस कळायला हवा.

"आधी माणसं सांग," असं ते म्हणायचे. लग्नाबद्दल त्यांना काहीही विचारा, हॉल कुठला घेऊ, जिलबी करू की श्रीखंड, बँड परवडेल का, उत्तर एकच. आधी माणसं सांग. आणि तुम्ही "असतील दीडशे" म्हणालात की ते चष्मा कपाळावर चढवून तुमच्याकडे बघत बसायचे. "असतील" हा शब्द त्यांना चालत नसे.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. ते स्टोअरकीपर, मी टाइम ऑफिसातला कारकून. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मला ते "बाबू" म्हणत आणि "अरे-तुरे" करत. त्यांच्या स्टोअरमध्ये एकही वॉशर न मोजता आत येत नसे की बाहेर जात नसे. पण कारखान्यात त्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. ज्याच्या घरी लग्न निघे आणि खिशात फारसं काही नसे, तो आधी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचा. ते यातून एक पैसा घेत नसत. मग करत कशासाठी, याचं मला कुतूहल होतं. एकदा विचारलंही. म्हणाले, "अरे, माणसं लग्नात वाट लावून घेतात आणि मग दहा वर्षं ओव्हरटाइम मागत तुझ्या टाइम ऑफिसात येतात. मला बघवत नाही."

त्यांची एक सवय तुम्ही पाहायला हवी होती. बोरिवलीला आमच्या एका फिटरचं लग्न होतं. आम्ही दोघं गेलो, तर हे आत जाईनात. हॉलच्या दारात छत्री टेकून उभे. मला वाटलं कोणाची वाट बघतायत. ते छत्रीच्या टोकाने चपला मोजत होते.

"एकशे चाळीस जोड. त्यातले तीस लहान मुलांचे. दोन मुलांचं एक पान धर. किती झाली?"

"एकशे पंचवीस."

"आणि यांनी किती पानांचं केलंय माहितीय? दोनशे. यजमानाला विचार, तो सांगेल तीनशे माणूस आलंय. चपलांना विचार."

जेवताना मात्र त्यांनी आचाऱ्याच्या भाजीची मनापासून तारीफ केली. लागलेल्या लग्नात चूक काढायची नाही, हा त्यांचा नियम होता.

मग आमच्याच घरी लग्न निघालं. गिरणी बंद पडून वडिलांना घरी बसून दोन वर्षं झाली होती, माझा पगार तो केवढा, आणि बहिणीचं ठरलं. मुलगा चांगला, हुंडा नको म्हणाले, पण लग्न नीट करून द्या म्हणाले. नीट म्हणजे काय, ते कोणीच सांगेना. मीही जाऊन खिडकीशी उभा राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका चिठ्ठीच्या पाठीवर तीन रकाने आखले. पहिला, येणार. दुसरा, येणार नाही पण पत्रिका गेली नाही तर रागावणार. तिसरा, पत्रिका नाही गेली तरी येणार. "तिसरा रकाना खरा," ते म्हणाले. "लग्नं तिथे बुडतात."

त्यानंतर दर रविवारी ते घाटकोपरहून मुलुंडला आमच्या खोलीवर येऊ लागले. आईशी त्यांची गट्टी जमली. आईला बँड हवा होता. त्यांनी तिला विचारलं, "वहिनी, तुमच्या लग्नात बँडने काय वाजवलं होतं?" आईला आठवेना. "बघा," ते म्हणाले. "आणि जेवायला काय होतं?" आईने पाचही पदार्थ सांगितले. बँड तिथेच संपला. सनईची कॅसेट आणि शेजारचा टेपरेकॉर्डर ठरला. हॉल म्हणून सुट्टीतली शाळा. पत्रिकेऐवजी छापील पोस्टकार्डं. काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, पुरी, वरण-भात, जिलबी आणि मठ्ठा.

"पहिल्या पंगतीला जिलबी मी वाढणार," हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. "भाड्याचा वाढपी दिसेल तसं वाढतो आणि घरचा माणूस लाजून जास्त वाढतो. पहिली पंगत हातात राहिली की दुसरीला पुरतं. आणि त्यातलं एक पान माझं धर. पहिली उठली की दुसरीत मी बसणार. पोटभर, बरं का."

ते बौद्ध होते. हे मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं, आणि आमच्या घरात त्याचं काही नव्हतं असं मी समजत होतो. ते स्वतः गमतीने सांगत, "आमच्याकडे विहारात लग्न पाऊण तासात लागतं. पांढरे कपडे, मेणबत्ती, वंदना, झालं. मग भाषणं दोन तास चालतात, त्याला इलाज नाही." स्वस्तातलं लग्न कसं नीटनेटकं करावं, ते त्यांनी तिथेच शिकून घेतलं होतं. आमच्या लग्नाची मोठी पातेली, परात, बालद्यासुद्धा त्यांच्या वस्तीतल्या मंडळाची होती. फुकट आणली, टेम्पोचं भाडं तेवढं द्यायचं.

लग्नाच्या सकाळी मी शाळेत पोचलो, तर ते आचाऱ्याच्या आधी हजर. भांडी मांडून झाली होती. प्रत्येक पातेल्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी मंडळाचं नाव कोरलेलं होतं, आणि प्रत्येक पातेलं त्यांनी असं फिरवून ठेवलं होतं की नाव भिंतीकडे जावं. मी ते पाहिलं. का, ते विचारलं नाही. एरवी या माणसाची बारीकसारीक गोष्ट विचारणारा मी, तेव्हाच गप्प कसा राहिलो, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे.

थोरले काका कोकणातल्या आमच्या गावाहून दहा माणसं घेऊन आले होते. सोबत घरच्या नारळांची दोन पोती. वरपक्षाला निघताना द्यायला. आमच्या स्टोअरकीपरनी ती तिथल्या तिथे ओतून मोजली. "एकशे दहा. पुरून उरतील," मला म्हणाले. काकांना त्यांचं काम आवडलं. दोघं बराच वेळ भाताच्या बियाण्यावर बोलत होते. मग काकांनी गाव विचारलं. साताऱ्याकडचं, असं त्यांनी सांगितलं.

"आडनाव काय तुमचा?" काकांनी विचारलं.

त्यांनी आडनाव सांगितलं. नेहमीच्या आवाजात.

लग्न लागलं, अक्षता पडल्या, पानं मांडायला सुरुवात झाली. ते कमरेला पंचा गुंडाळून जिलबीच्या परातीशी उभे राहिले. काकांनी मला जिन्याखाली बोलावलं.

"तो वाढूक उभो रवतलो?"

मी म्हटलं, "हो, त्यांनीच सगळं..."

"पंगतीक गावचे धा जण बसतले. उद्या माका तेंच्यात रवाचा आसा. तेका खंयतरी कामाक धाड. माझ्या तोंडान सांगूक लावू नको."

काका वाईट माणूस नव्हते. गिरणी बंद पडल्यापासून आमच्या घरातला तांदूळ त्यांचा होता. मी नाही म्हटलं असतं, तर ते माणसांसह उठून गेले असते का? मला आज तसं वाटत नाही. कुरकुर करून जेवले असते. पण मी नाही म्हणून पाहिलंच नाही. मांडवात बहीण होती, वरपक्ष होता, पानं मांडली जात होती. ही कारणं झाली. मी परातीशी गेलो आणि म्हणालो, "नारळ कमी पडतायत. स्टेशनजवळून आणायला हवेत."

ज्या माणसाने दोन तासांपूर्वी एकशे दहा नारळ स्वतः मोजले होते, त्याला मी हे सांगत होतो.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, जिन्याखाली उभ्या काकांकडे पाहिलं.

"किती आणू?" त्यांनी विचारलं.

आमच्या पाच वर्षांच्या ओळखीत त्यांनी कोणाला हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. आकडा नेहमी त्यांच्याकडे असायचा.

"पंचवीस," मी म्हणालो आणि पैसे दिले. त्यांनी पंचा सोडला, घडी घातली, परातीच्या कडेला ठेवला आणि गेले.

जिलबी माझा चुलतभाऊ वाढू लागला. लाजून, हसून, "अजून एक, अजून एक" करत. पहिली पंगत खूश होऊन उठली. काकांनी तीनदा घेतली. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या पातेल्यांतलं वरण त्यांना फार आवडलं. दुसरी पंगत बसली, त्यात मुलाचे मामा आणि त्यांच्या गावची माणसं होती, आणि परातीत बघतो तर बारा-पंधरा जिलब्या. मुलाकडची चाळीस माणसं पानावर. "नीट करून द्या" एवढंच ज्यांनी मागितलं होतं, ती.

मी मागच्या दारात येऊन उभा राहिलो. तेवढ्यात ते फाटकातून आत आले. हातात नारळ नव्हते. मिठाईवाल्याचे दोन मोठे पुडे होते, तुपाने पारदर्शक झालेले.

"नारळ पुरतील," ते म्हणाले. "ही कमी पडली असेल. वाढून घ्या. एकेकाला दोनच."

पुडे त्यांनी माझ्या हातात दिले. दाराच्या आत पाऊल टाकलं नाही. "वाढून घे" नव्हे, "घ्या". त्या दिवसापासून ते मला कायम "तुम्ही" म्हणाले.

मामांनी जिलबी मागून घेतली. लग्न छान झालं, असं दोन्हीकडची माणसं अजून म्हणतात. दुपारी हॉल रिकामा झाला तेव्हा ते मागे भांडी मोजून टेम्पोत चढवत होते. मी जेवायचं विचारलं. "रस्त्यात वडा खाल्ला," ते म्हणाले आणि पातेल्यांचा आकडा खडूने फळीवर लिहिला. घरी गेल्यावर आईने विचारलं, "ते पोटभर जेवले ना रे?"

"हो," मी म्हणालो.

कारखान्यात सगळं पहिल्यासारखं चाललं. तुम्ही आम्हाला पाहिलं असतंत तर काही बिघडलंय असं तुम्हाला वाटलं नसतं. स्टोअरच्या खिडकीशी दुसऱ्यांची लग्नं ठरत राहिली. मी रोज ठरवायचो की आज बोलू. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. पोस्टकार्ड हातात देऊन म्हणाले, "या." मी एकटाच गेलो. विहाराबाहेर तीच पातेली ओळीने मांडलेली, मंडळाचं नाव रस्त्याकडे करून. त्यांनी मला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. खीर स्वतः वाढली. मी "थोडी" म्हणालो, तर ओगराळं थांबवून म्हणाले, "घ्या. तुमचं पान मी धरलं होतं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. शेजारी माणसं होती, पुढचं पान वाट बघत होतं. मी खीर प्यायलो.

मग कारखाना गुजरातेत गेला, आम्ही पांगलो. आता माझ्या मुलीचं ठरलंय. गेल्या महिन्यात मी कागदावर तीन रकाने आखले आणि "येणार"मध्ये पहिलं नाव त्यांचं लिहिलं. घाटकोपरला जाऊन खोली शोधून काढली. दार दुसऱ्याच बाईंनी उघडलं. म्हणाल्या, "ते होय? ते गेले की. दोन वर्षं होतील." त्यांच्या मुलीचा पत्ता कोणाकडे मिळाला नाही. बाहेर पडताना मी दारातल्या चपला मोजल्या. चार जोड.

नारळ एकशे दहा होते आणि ते पुरले. हे त्यांना सांगायचं राहिलं, जरी त्यांना ते माहीत होतं. आणि माझ्या घरच्या पंगतीतलं एक पान मी त्यांचं देणं लागतो. ते मी दिलेलं नाही.